थेंब केवढा?

सकाळी ७.००

भोसरीत आठ वाजले की प्रेसशॉपचा धडधडाट सुरू होतो आणि मग शेजारचा माणूस काय बोलतोय तेही कळत नाही. म्हणून कानाने करायची कामं मी सातलाच घेते. आज एका पंपाचं ऐकायचंय. उद्या गुरुवार, म्हणजे एमआयडीसीची सुट्टी. वीज राहील न राहील, तेव्हा कोल्हापूरची ऑक्टाव्हिया आजच हातावेगळी करायला हवी.

गाडी १.८ लिटरची, टर्बो पेट्रोल. कंपनीतून १८० पीएसची निघते. मालकांनी ईसीयूचं, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाचं, सॉफ्टवेअर बदलून ती २३०च्या घरात नेलीय आणि ती फक्त ट्रॅकवर पळते, येते-जाते ट्रेलरवरून. इंजिनात असे फेरफार केलेली गाडी रस्त्यावर काढणं मोटार वाहन कायद्यात बसत नाही, हे मी प्रत्येकाला गाळ्याच्या दारातच सांगते. ऐकणारे थोडे.

बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, वाढवला की हवा जास्त दाबली जाते आणि तापते. अशा तापलेल्या हवेत ठिणगीने लागलेली ज्योत पोचायच्या आत सिलिंडरच्या कडेचं मिश्रण आपोआप भडकतं. ते नॉकिंग. ईसीयूला ते ऐकू आलं की तो ठिणगी उशिरा टाकतो, इंजिन वाचतं आणि कमावलेली ताकद गळते. त्यावरचा जुना उपाय म्हणजे आत जाणाऱ्या हवेत पाणी फवारायचं. एक किलो पाण्याची वाफ व्हायला सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता लागते, पेट्रोलला लागते जेमतेम ३५०. थोडं पाणी बरंच थंड करतं, ते यामुळे.

या गाडीला तशी सिस्टीम बसवलेली आहे. डिकीत टाकी, पंप, नायलॉनची नळी, थ्रॉटलच्या अलीकडे एक नोझल. तक्रार मालकांच्याच शब्दांत: "पाणी भसाभस पितीया, पण पळायचं नाव न्हाई ओ मॅडम." पंप चालू करून ऐकला. आवाज एकसारखा आहे, हवा ओढत नाही, डायफ्राम ठीक. रोग दुसरीकडे आहे.

सकाळी ८.१५

नोझल काढलं. पितळी, भोक ०.८ मिलिमीटर. इथेच निम्मं उत्तर मिळालं.

हिशेब असा. २३० पीएसला हे इंजिन मिनिटाला साधारण सव्वा लिटर पेट्रोल खातं. पाणी पेट्रोलच्या १५ टक्के धरलं तर मिनिटाला १९० मिलिलिटर होतं. पंप १० बारचा. पण नोझलचं तोंड ज्या नळीत उघडतं तिथे टर्बोचा १.२ बारचा दाब आधीच बसलेला असतो, म्हणजे फवाऱ्याच्या वाट्याला ८.८ बार येतात. तेवढ्या दाबाला ०.८चं नोझल मिनिटाला ५०० मिलिलिटर पाणी सोडतं. एवढ्या पाण्यात इंजिन गचके खाणारच. मग ज्याने कोणी ही सिस्टीम बसवली त्याने कंट्रोलरवरून पंपाचा वेग खाली आणला आणि पाणी १९०वर आणून ठेवलं. मोजपात्रात बघितलं तर आकडा बिनचूक.

फक्त दाब गेला. नोझलमधून निघणारं पाणी दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतं. पाणी निम्मं करायचं तर दाब चौथाईवर आणावा लागतो. ५००चे १९० करताना ८.८ बारचे राहिले सव्वा बार. सव्वा बारला ०.८च्या भोकातून फवारा निघत नाही. पाण्याचा पातळ पडदा निघतो आणि तो मोठ्या थेंबांत फुटतो.

या धंद्यात जो येतो तो "पाणी किती?" एवढंच विचारतो. पाणी किती हे मोजपात्र सांगतं, शाळकरी पोरालाही जमेल. थेंब केवढा, आणि तो कुठे जाऊन आदळतो, हे विचारणारं माणूस क्वचित भेटतं.

सकाळी ९.३०

बेंच लावला. हा आमच्या गाळ्यातला सगळ्यात कुरूप आणि सगळ्यात कामाचा प्रकार आहे. एक औद्योगिक ब्लोअर, त्यापुढे ६० मिलिमीटरची अॅक्रिलिकची पारदर्शक नळी, तिला गाडीत आहे तसाच एक बेंड. हवेचा वेग सेकंदाला २८ मीटर ठेवायचा, कारण पूर्ण बूस्टवर या गाडीच्या नळीत साधारण तेवढा येतो. बेंडच्या बाहेरच्या बाजूला तळाशी एक बारीक भोक आणि त्याखाली मोजपात्र. भिंतीला लागून ओघळलेलं पाणी त्यात जमतं. आत गेलेलं पाणी आणि ओघळलेलं पाणी, दोन आकडे. बाकी बडबड बंद.

बेंचवर बूस्ट नसतो. तेव्हा गेज १० बारवर नाही, ८.८वर लावायचा. इथे पुष्कळजण फसतात. गाडीचं बॉनेट उघडून, नोझल मोकळ्या हवेत धरून, पूर्ण १० बारला पंप चालवला की सुरेख धुकं दिसतं. व्हिडिओ काढला जातो, पैसे दिले जातात. ते धुकं इंजिनाच्या वाट्याला कधीच येत नाही.

आधी जुनं नोझल, होतं त्याच सव्वा बारला. गाळ्यात हाताखाली असलेला पोरगा तासगावचा, घरी द्राक्षबाग. त्याने नोझलपुढे पिवळा कागद झर्रकन फिरवला. हा कागद फवारणीवाल्यांचा, पाण्याचा थेंब पडला की तिथे निळा होतो. बागेत पानाच्या मागच्या बाजूला औषध पोचलं का ते यावर बघतात. पोरगं भिंगातून कागद बघत म्हणालं, "ताई, असला फवारा मारला तर आमचे आप्पा ट्रॅक्टरवरून खाली ओढतील." निळे डाग ज्वारीच्या दाण्याएवढे होते, मधून मधून कोरी पिवळी जागा.

मग नळीत. फवारा सुरू केल्यावर दोन-तीन सेकंदांत समोरच्या भिंतीवर पाण्याची जीभ दिसायला लागली. ती हवेच्या जोराने सरकत बेंडपर्यंत गेली आणि तिथून धार होऊन भोकातून खाली. १०० मिलिलिटर फवारलं, ७०च्या वर मोजपात्रात. इंजिनात हे पाणी असंच ओघळत जातं आणि मॅनिफोल्डच्या तळातून ज्या सिलिंडरची वाट सोपी त्याच्यात घुसतं. एका सिलिंडरला आंघोळ, दुसऱ्याला कोरडा उपास.

इथे एक गैरसमज काढून टाकते. लोकांना वाटतं की बारीक थेंब नळीतच सुकतो आणि हवा थंड करतो. १९० मिलिलिटर सगळं सुकलं तर हवा कागदावर ४० अंशांनी थंड होईल हे खरं. पण नोझलपासून पुढचं ४० सेंटिमीटर अंतर ती हवा १४ मिलिसेकंदांत कापते. २० मायक्रॉनचा थेंब पन्नास अंशांच्या कोरड्या हवेत सुकायला दीडशे-दोनशे मिलिसेकंद घेतो. थेंबाचा व्यास दुप्पट झाला की वेळ चौपट. शिवाय हवा पाणी घेऊन घेऊन किती घेणार? थोडं घेतलं की तिची तहान भागते, आणि पावसाळ्यात तर ती आधीच पिऊन आलेली असते. बहुतेक पाणी थेंबाच्या रूपातच सिलिंडरमध्ये जातं आणि कॉम्प्रेशनच्या वेळी तिथे वाफ होतं. जायलाही तिथेच हवं, नॉकिंग तिथेच होतं.

तर थेंब बारीक कशाला? वळायला. २० मायक्रॉनच्या थेंबाला हवेचा वेग आणि दिशा पकडायला साधारण एक मिलिसेकंद लागतो. १०० मायक्रॉनच्या थेंबाला त्याच्या पंचवीसपट. बेंड मात्र दोन मिलिसेकंदांत संपतो. बारीक थेंब हवेबरोबर वळतो, मोठा सरळ जाऊन भिंतीवर आदळतो. सगळं गणित एवढंच.

"जोराची हवा मोठा थेंब फोडेलच की," असं म्हणणारेही येतात. इंटरकूलरनंतरच्या नळीत नाही फोडत. पाण्याचा पृष्ठताण पेट्रोलच्या तिपटीहून जास्त. २८ मीटरच्या वाऱ्यात अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचा थेंब कुठे फुटायच्या बेताला येतो, त्याहून लहान तसाच पुढे जातो. फोडायचं ते नोझलनेच आणि दाबानेच.

सकाळी ११.००

०.८ काढून त्याजागी ०.३५ची दोन नोझल. पूर्ण दाबाला प्रत्येकी मिनिटाला ९५-९७ मिलिलिटर, दोघांचं मिळून हवं तेवढंच. भोक लहान झालं की पाण्याचा पडदाही पातळ होतो आणि थेंब बारीक पडतो. आणखी एक फायदा: पहिलं नोझल कमी बूस्टला उघडायचं, दुसरं वरच्या बूस्टला, दोन्ही सोलेनॉइड व्हॉल्व्हवर. पंप कायम पूर्ण दाबाला. पाणी कमी-जास्त करायला पंपाचा गळा आवळायची गरजच उरत नाही. पैसे घालायची तयारी असेल तर झटपट उघडझाप करणारा एकच व्हॉल्व्ह लावता येतो, तो उत्तम. आजच्या गिऱ्हाइकाला दोन नोझल पुरेत.

पोराने कागद फिरवला. आता कागदावर निळसर धूसर पट्टा, डाग सुटे मोजायचे तर भिंग लागतं. त्यावरून आणि तेलाच्या काचपट्टीवर पकडलेल्या थेंबांवरून माझा अंदाज, बहुतेक ४०-५० मायक्रॉनच्या आसपास. २०च्या खाली या पंपाने जाता येत नाही. तसलं धुकं करणारे मिस्टिंगचे संच ७० बारवर चालतात. मावळातल्या पॉलिहाऊसचे प्लॅस्टिकचे फॉगर स्वस्तात मिळतात म्हणून काहीजण घेऊन येतात. ते ४ बारसाठी बनवलेले, गुलाबालाच राहू देत.

५० मायक्रॉन म्हणजे तोही बेंडमध्ये पूर्ण वळणार नाही. तेव्हा नोझल बेंडच्या पलीकडे, थ्रॉटलच्या अलीकडच्या सरळ तुकड्यात हवं. त्यासाठी शेजारच्या गाळ्यातल्या लेथवाल्या मामांकडे गेले.

"सरळ भोक पाडून बॉस वेल्ड करतो, तासात देतो," मामा म्हणाले. "तिरकं कशाला गं?"

"सरळ बसवलं तर समोरची भिंत भिजते, मामा."

"साठ मिलिमीटरची नळी. एवढीशी तर आहे."

तेच तर. नोझलमधून थेंब सुटतो तो सेकंदाला ४० मीटरच्या वेगाने. ५० मायक्रॉनचा थेंब त्या वेगाने निघाला तर हवेने थोपवायच्या आत समोरच्या भिंतीपर्यंत पोचेल. समोरची भिंत अडीच इंचांवर. नळीला काटकोनात बसवलेलं नोझल कितीही भारी असो, समोरची भिंत रंगवणारच. म्हणून नोझलचं तोंड हवेच्या दिशेने कलतं हवं आणि फवाऱ्याचा कोनही अरुंद हवा. मामांनी नोझल बसवायच्या बॉससाठी अॅल्युमिनियमचा तुकडा घेतला, वाइसमध्ये कोन लावला, आणि "इंजिनिअर लोकांना सरळ काही सुचतच नाही" असं पुटपुटत ड्रिल खाली घेतलं. दोन्ही बॉस नळीच्या व्यासावर समोरासमोर न घेता थोडे पुढे-मागे घेतले, नाहीतर दोन फवारे एकमेकांवर आपटतात आणि थेंब परत मोठे होतात.

बेंचवर बसवून चालवलं. १००तले २० मिलिलिटर भिंतीचे, २२ म्हणा. शून्य होत नाही आणि व्हायची गरजही नाही.

बेंचवरची हवा बूस्टच्या हवेहून निम्म्याने विरळ असते, मग हा आकडा खरा कसा, असं कुणी विचारलं तर मला आवडतं, पण विचारत नाहीत. एवढ्या बारीक थेंबाला वळवण्यात हवेच्या घनतेपेक्षा तिच्या चिकटपणाचा वाटा मोठा आणि तो दाबाने फारसा बदलत नाही. म्हणून वेग सारखा ठेवला की तुलना बऱ्यापैकी खरी उतरते.

दुपारी १.००

मालक आले, बरोबर तांबड्या रश्श्याचा डबा. कोल्हापूरची माणसं गाडीपेक्षा डब्याची काळजी जास्त घेतात.

जेवताना त्यांनी विचारलं, "हे विमानातनं आलंय म्हणं?" आलंय. दुसऱ्या महायुद्धात जर्मन मेसरश्मिट १०९मध्ये पाणी आणि मिथेनॉल निम्मं-निम्मं फवारत. अमेरिकेच्या थंडरबोल्ट नि कॉर्सेअरच्या इंजिनातही हाच प्रकार होता. गाडीत म्हणाल तर १९६२ची ओल्ड्समोबाइल जेटफायर. टर्बो आणि सोबत पाणी-मिथेनॉलची बाटली. तिचे मालक बाटली भरायला विसरत आणि गाडी मलूल व्हायची. अलीकडची म्हणजे २०१६ची बीएमडब्ल्यू एम४ जीटीएस, ५०० पीएसची. डिकीत ५ लिटरची टाकी, १० बारच्या आसपासचा दाब आणि तीन इंजेक्टर. एकाच भोकावर भिस्त तिनेही ठेवली नाही. इंजिन बंद केलं की नळ्यांतलं पाणी टाकीत परत जायचं, थंडीत गोठू नये म्हणून. आपल्याकडे गोठायची भीती नाही, पण टाकीत शेवाळ धरतं.

"मग आपण बी मिथेनॉल घालूया की."

नाही. मिथेनॉलने फवारा बारीक होतो हे मान्य, निम्मं मिसळलं की पृष्ठताण पाण्याच्या निम्म्यावर येतो. पण ते विष आहे, आणि त्याची ज्योत दिवसा दिसतसुद्धा नाही. मुंबईत मालवणीला २०१५मध्ये मिथेनॉलच्या दारूने शंभरावर माणसं गेली. माझ्या गाळ्यात त्याचा कॅन येणार नाही. "बरं, बरं," म्हणत त्यांनी रश्श्याची वाटी माझ्यापुढे सरकवली.

दुपारी २.३०

नळ्या गाडीत घातल्या. हे काम दिसायला किरकोळ आणि निम्म्या सिस्टीमी इथेच बिघडतात. आधीच्या कारागिराने एकतर्फी व्हॉल्व्ह पंपाजवळ बसवला होता. मग व्हॉल्व्हपासून नोझलपर्यंतची सगळी नळी इंजिनाच्या तावडीत. अॅक्सिलरेटर सोडला की थ्रॉटलच्या आसपास दाब पडतो, नळीतलं पाणी ठिबकत राहतं आणि तिच्यात हवा शिरते. पुढच्या वेळी पाय दिला की पंप आधी ती हवा दाबत बसतो, पाणी उशिरा येतं आणि येतं तेही थुंकत. सोलेनॉइड आणि एकतर्फी व्हॉल्व्ह नोझलच्या जितके जवळ, तितका फवारा एका झटक्यात सुरू आणि एका झटक्यात बंद. आता ते वीतभर अंतरावर आहेत. नळी कडक नायलॉनची घेतली. मऊ नळी दाबाने फुगते आणि बंद केल्यावर फुगलेलं पाणी हळूहळू सोडते.

हवा काढली. नोझल उघडून पंप चालवायचा, बुडबुडे संपेपर्यंत. पोरगं बोटावर धार घेऊन बघतं, मला काचेच्या पेल्यात बघायला आवडतं.

पाणी बॅटरीवाल्यांकडे मिळणारं डिस्टिल्ड. बोअरचं पाणी ०.३५च्या भोकाला महिनाभरही पुरत नाही, क्षार बसतात आणि फवारा एका बाजूला तोंड वाकडं करतो. नोझलच्या पाठीमागे जाळी आहे, पंपाच्या आधी फिल्टर आहे, तरीही. भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून पृष्ठताण उतरवायची युक्ती मी बऱ्याच जणांकडून ऐकलीय. नोझलच्या तोंडाशी पाण्याचा नवा पृष्ठभाग मिलिसेकंदाच्या आत तयार होतो आणि फुटतो. साबणाच्या रेणूला तिथपर्यंत पोचायला तेवढी उसंतच नसते. मिळतो तो टाकीतला फेस.

दुपारी ४.३०

डायनो, म्हणजे गाडीची ताकद मोजायचं यंत्र. बाहेर ३८ अंश, मे महिना. पंखे लावले, पट्टे आवळले, लॅपटॉपवर प्रत्येक सिलिंडरची ठिणगी ईसीयू किती अंश मागे घेतोय ते लावलं.

सकाळच्या अवस्थेतली नोंद आधीच्या दिवशीची होती: चौथा सिलिंडर सहा अंशांपर्यंत मागे, दुसरा पाच, पहिला-तिसरा दोनच्या आत. पाणी कुठे जात होतं आणि कुठे जात नव्हतं याचा हा पंचनामाच.

पहिल्या रनमध्ये मालक स्क्रीनवर बोट ठेवून ओरडले, "मॅडम, हवा सत्तावीसला आली!" हवेच्या तापमानाच्या त्या आकड्यावर मी विसंबत नाही. सेन्सर मॅनिफोल्डमध्ये आहे, त्याच्या टोकावर थेंब बसला की तो स्वतःच्या ओल्या नाकाचं तापमान सांगतो, हवेचं नाही. वाईट फवाऱ्यात तर हा आकडा आणखी छान दिसतो, थेंब मोठे असतात ना. बघायची ती ठिणगी. चारही सिलिंडर दोन अंशांच्या आत, एकमेकांना धरून. लागोपाठ रन घेतले, इंजिन तापू दिलं, पुन्हा घेतले. तसेच.

ताकद वाढली ८-९ पीएस. मालकांचा चेहरा जरा उतरला. आता बूस्ट आणखी वाढवूया, असं त्यांनी म्हणायच्या आत मी नाही म्हटलं. पाण्याने मिळवलेली सवड उन्हाळ्यासाठी आणि खराब पेट्रोलसाठी ठेवायची. तसंही २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आल्यापासून त्यातलं इथेनॉलच नॉकिंग बरंच रोखतं, त्यामुळे साध्या ट्यूनच्या गाड्यांना मी पाण्याची सिस्टीम बसवूच नका म्हणते. धंद्याला वाईट, पण खरं.

संध्याकाळी ६.४५

शेवटची चाचणी पाणी बंद पडल्याची. नळीत प्रवाहाचा सेन्सर घातलाय. पाणी ठरल्यापेक्षा कमी आलं, नोझल तुंबलं, टाकी संपली, काहीही झालं, तरी बूस्ट आपोआप मूळ कंपनीच्या पातळीवर यायला हवा. पूर्ण थ्रॉटलवर पोराने पंपाची वायर उपटली. बूस्ट खाली आला, डॅशबोर्डवर लाल दिवा लागला. दुसऱ्यांदा वायर परत जोडून एका नोझलमध्ये मेणाचा खडा घातला. दिवा लागला नाही. निम्मा प्रवाह सेन्सरला चालत होता. मर्यादा वर सरकवली, पुन्हा मेण, या वेळी दिवा लागला.

"एवढ्यानं बी गाडी ढिली पडणार?" मालक कुरकुरले. म्हटलं, दिवा लागला की गाडी पिटमध्ये घ्या, नोझल काढून उजेडाकडे धरा, तुंबलं असेल तर व्हिनेगरात भिजवा, सुई घालू नका. सुई घातली की भोक वाकडं होतं आणि फवाराही. सुटी दोन नोझल डबीत घालून दिली, बिलावर गेज ८.८ आणि ०.३५ हे आकडे लिहिले. ट्रेलर आठला निघाला. पोरगं अजून मोजपात्रं धुतंय, बेंच पुसायचा आहे, आणि शुक्रवारी एक लिनिया येणार आहे, तिचा मालक फोनवर विचारत होता, मिनिटाला किती पाणी मारू?

म्हटलं, आधी नोझल घेऊन या.